दुसरं कुणी नव्हतंच

वयाच्या १९व्या वर्षी माझ्याकडे १२० मुलींच्या जेवणाचा हिशेब आला. साल १९८९, पुण्यातल्या मुलींच्या एका कॉलेजचं हॉस्टेल, आणि मी मेस सेक्रेटरी. कर्तबगारीचा काही संबंध नव्हता. आधीच्या सेक्रेटरीचं लग्न ठरलं, ती वर्ष अर्धवट टाकून गेली. रेक्टरबाई रात्रीच्या जेवणाला हॉलमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "गणित कुणाचं बरं आहे गं?" शेजारच्या दोघींनी माझ्याकडे बोट केलं आणि पुन्हा आमटीत पोळी कुस्करायला लागल्या.

पुढच्या आठ महिन्यांत मला कळलं की पोत्याचं वजन बारदानासकट धरायचं की बारदान वजा करून, यावर भुसार दुकानदाराशी उभ्याने भांडावं लागतं. पोळ्यांच्या मावशी सणाच्या तोंडावर उचल मागतात आणि ती द्यायची असते, पण वहीत लिहून, खाली त्यांची सही घेऊन. सलग तीन दिवस गावी गेलं तरच खाडा धरायचा, हा नियम वाचायला सोपा आहे. तापाने फणफणून खोलीत पडलेल्या मुलीला तो समजावून सांगणं अवघड. एका महिनाअखेरीला वहीत ५२ रुपये कमी आले. रात्री दोनपर्यंत बेरजा केल्या, थोडं रडले, सकाळी उठून पुन्हा केल्या. लिंबांची एक पावती मागच्या पानाला चिकटून बसली होती.

हे आठवायचं कारण म्हणजे माझ्या लेकीच्या हातातलं एक गुळगुळीत माहितीपत्रक. अमेरिकेतल्या मुलींच्या एका कॉलेजचं. मागे दगडी इमारत, पुढे हिरवळीवर हसणाऱ्या पाच मुली, पाचही वेगवेगळ्या खंडांतल्या वाटाव्यात अशा बेताने बसवलेल्या. आणि ठळक अक्षरांत वाक्य : आम्ही जागतिक नेतृत्व घडवतो.

"पण आई, मुलींचंच कॉलेज कशाला?" तिने विचारलं. "जग काय नुसतं मुलींचं असतं का?"

प्रश्न रास्त होता. मला तो कधी पडलाच नव्हता, कारण माझ्या वेळी निवड माझी नव्हती. माझे वडील, आण्णा, एसटीत कंडक्टर. बार्शीहून पुण्याला पाठवायचं तर मुलींचंच कॉलेज, मुलींचंच हॉस्टेल, गेटवर वॉचमन आणि साडेसहाला हजेरी. आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी याच अटींवर आल्या होत्या. हॉस्टेलनेही पालकांचा विश्वास पुरेपूर राखला. आम्हाला आलेली पत्रं ऑफिसात फोडून वाचली जायची. भेटायला कोण येणार त्यांची नावं वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यायची. माझा सख्खा मामा यादीत नव्हता म्हणून गेटवरून परत गेला, हातातल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यासकट. त्याचा राग अजून गेलेला नाही. माझाही आणि मामाचाही.

म्हणजे आमच्या वडीलमंडळींनी कॉलेज निवडलं ते कुंपण भक्कम आहे का ते बघून. कुंपणाच्या आत काय होतं याची चौकशी त्यांनी केली नाही, हे आमचं नशीब.

दुसऱ्या वर्षीच्या गॅदरिंगला ऐन नाटकात स्टेजवरचे दिवे गेले. बार्शीच्या ज्युनिअर कॉलेजात असं काही झालं की मुलगे धावायचे. आम्हा मुलींकडे रांगोळी, हार-तुरे, ईशस्तवन आणि पाहुण्यांना बॅज लावणं. इथे अंधारात तीन-चारशे मुली बसलेल्या, शिपाईमामा रजेवर, वॉचमन गेट सोडायला तयार नाही. कुणीतरी बघेल म्हणून आम्ही सगळ्या मिनिटभर थांबलो. मग हळूहळू लक्षात आलं की ते 'कुणीतरी' इथे येणारच नाहीये. सांगोल्याकडच्या एका मुलीने स्टूल मागवलं, मेन स्विच खाली ओढला, विजेरी दातांत धरली आणि फ्यूज उपसून नवी तार बसवली. ती त्या नाटकात बाजीराव होती. तुमान, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, आणि घामाने एका बाजूने सुटलेली मिशी. दिवे आले तेव्हा जी टाळी पडली तशी नाटकाला पडली नाही.

त्या थांबलेल्या एका मिनिटाचा मी नंतर अनेकदा विचार केलाय. तारेचं काम तिला येतच होतं; घरची विहीर, मोटर, स्टार्टर हे बघतच ती वाढली होती. पण तिच्या गावच्या कॉलेजात तिने ते केलं नसतं. कुणी अडवलं असतं म्हणून नव्हे; तोवर दुसरं कुणी उठलं असतं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा लेकीला दोन-तीन कॉलेजं दाखवून आणली. त्यात फिलाडेल्फियाच्या पश्चिमेचं ब्रिन मॉर. उतारावरच्या करड्या दगडी इमारती, पानगळ सुरू झालेली, आणि जुन्या ग्रंथालयाच्या मोठ्या दिवाणखान्यात ग्रीक विद्यादेवी अथीनाचा पुतळा. परीक्षेच्या दिवसांत मुली तिच्या पायाशी काय काय नेऊन ठेवतात, चिठ्ठ्या, फुलं, खाऊ. ते ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. सारसबागेच्या गणपतीला आम्ही तरी काय वेगळं करत होतो?

खरी चक्रावून गेले ते पुढचं ऐकून. तिथल्या बऱ्याचशा परीक्षांना पर्यवेक्षक नसतो. कधी बसायचं ते विद्यार्थिनी ठरवते, ठरल्या वेळात पेपर लिहिते आणि नेऊन देते. सगळं एका आचारसंहितेवर चालतं, आणि ती राबवतात विद्यार्थिनीच. भरारी पथकं बघत मोठं झालेल्या माणसाला हे परीकथेसारखं वाटतं. पण याची मुळं जुनी आहेत. १८९२ साली त्या कॉलेजच्या मुलींनी स्वतःची स्वराज्य संघटना स्थापन केली आणि वसतिगृहातलं वागणं-बोलणं, येणं-जाणं यांचे नियम पाळायचेच नव्हे तर ठरवायचेही अधिकार मिळवले. अमेरिकेत असा अधिकार मिळवणारी ही पहिली विद्यार्थी संघटना मानली जाते. त्या देशातल्या बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये. म्हणजे २८ वर्षं आधी या मुली आपापसात निवडणुका घेत होत्या, ठराव मांडत होत्या, मोडलेल्या नियमाचा दंड ठरवत होत्या. आम्हाला १९८९ साली यादीत मामाचं नाव घालता येत नव्हतं.

ब्रिन मॉर उघडलं १८८५ च्या शरद ऋतूत. त्याच ऋतूत, तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, फिलाडेल्फिया शहरात एक फोटो काढला गेला. तो तुम्ही पाहिला असेल. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन तरुणी बसल्या आहेत, तिघी आपापल्या देशीच्या पोशाखात. डावीकडे लुगडं नेसलेली, दागिने घातलेली आनंदीबाई जोशी. मधे किमोनोतली जपानची केई ओकामी. उजवीकडे सीरियाची सबात इस्लांबूली. तिघी वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी.

आपल्याकडे या फोटोतल्या एकीचीच गोष्ट सांगितली जाते, आणि तीही बहुतेक वेळा नवऱ्याच्या हट्टाची गोष्ट म्हणून. मला कुतूहल आहे ते त्या कॉलेजचं. १८५० मध्ये ते सुरू झालं, कारण बाकीची मेडिकल कॉलेजं बायकांना घेत नव्हती. शिकल्यावर रुग्ण तपासायला मिळेनात, कारण इस्पितळं दारात उभं करीनात. म्हणून १८६१ मध्ये त्यांनी स्वतःचं इस्पितळ काढलं. १८६९ च्या नोव्हेंबरात यांच्या मुली शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकवणीला गेल्या, तर तिथल्या मुलग्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, चघळलेल्या तंबाखूच्या गोळ्या फेकल्या. मुली शेवटपर्यंत बसून राहिल्या. आनंदीबाई गेल्या तोवर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रेचल बॉडली तिथे डीन होत्या. शिकवायला बाई, इस्पितळ काढायला बाई, पैसे उभे करायला बाई. कारण तेच, आमच्या फ्यूजचं. दुसरं कुणी नव्हतंच.

आणि या कोपऱ्यात ढकललेल्या संस्थेत जग येऊन बसलं होतं. १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी तिथून डॉक्टर झाली. १८८९ च्या तुकडीत केई ओकामीबरोबर सुझन ला फ्लेश होती, ओमाहा जमातीची, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमधली पहिली स्त्री डॉक्टर. कुणाला 'जागतिक' काही करायचं नव्हतं. जिला जिला इतरांनी दार लावलं ती ती इथे येऊन पोचली, इतकंच.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ झाला. बॉडलीबाईंच्या आमंत्रणावरून त्याला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्या तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. आणि आणखी चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, या गोदूबाईंशी फर्ग्युसनमधल्या गणिताच्या एका प्राध्यापकांनी लग्न केलं. धोंडो केशव कर्वे. मी तारखांत संकेत शोधणारी बाई नाही, पण ही एकच तारीख तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असं आपण समजतो. हिंगण्याची झोपडी, विधवांचा आश्रम, चालत जाऊन गोळा केलेली वर्गणी. मी आज जिथे राहते तिथून हिंगणं रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि तरी ते कुठून आलं याचा मी पन्नाशीपर्यंत विचार केला नव्हता. कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. ते विद्यापीठ १९०१ मध्ये जिन्झो नारुसे यांनी काढलेलं, आणि नारुसे त्याआधी अमेरिकेत शिकून, तिथली महिला कॉलेजं बघून आले होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. विद्यार्थिनी पाच. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, ते आजचं एसएनडीटी.

जगाशी नातं म्हटलं की आज डोळ्यांपुढे परदेशी विद्यापीठाशी केलेला करार आणि झेंड्यांची रांग येते. हिंगण्यात ते असं दिसायचं : गोदूबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, पन्नाशीकडे झुकलेल्या, इंग्रजी बेताचंच, आश्रमासाठी अमेरिकेला गेल्या. भाषा शिकायची आणि पैसा जमवायचा. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. सकाळी भांडी घासायची आणि जमेल तेव्हा हिंगण्याबद्दल बोलायचं. नेतृत्व शिकवणाऱ्या कुठल्याही कार्यशाळेत मला हे चित्र भेटलेलं नाही. कर्वे स्वतः १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, विद्यापीठाबद्दल भाषणं देत फिरले, आणि परतीच्या वाटेवर ज्या पुस्तिकेतून सगळं सुरू झालं ते टोकियोचं विद्यापीठ डोळ्यांनी बघून आले.

कर्व्यांच्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून होतं. इंग्रजी विषय म्हणून होताच, पण माध्यम म्हणून नाही. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि आम्ही शिकत होतो तेव्हाही व्हायची. मराठीतून शिकलेली मुलगी जगापुढे कशी उभी राहणार? मी पुढे पंप निर्यात करणाऱ्या एका कंपनीत लागले आणि हॅनोवरच्या औद्योगिक प्रदर्शनात उभी राहिले, तेव्हा माझं इंग्रजी जेमतेम होतं. समोरच्या तुर्की गृहस्थांचंही जेमतेमच होतं. आम्ही दोघांनी कागदावर पंपाचं चित्र काढलं, डिस्चार्ज म्हणजे पाणी किती, हेड म्हणजे किती उंचीवर, ते आकड्यांत लिहिलं, आणि मग भावावरून अशी हुज्जत घातली की मला बारदानाची आठवण झाली. इंग्रजी पुढे सरावाने आलं. हुज्जत आधीपासून येत होती, आणि ती मी मराठीत शिकले होते.

आता थोडं कडूही बोलायला हवं. या सगळ्या संस्थांना कुंपण होतं, आणि कुंपणाला बाहेरची बाजूही होती. ब्रिन मॉरला मोठं करणाऱ्या अध्यक्षा एम. केरी थॉमस मुलींच्या बुद्धीबद्दल पुरुषांशी तडजोड न करणाऱ्या, पण ती बुद्धी गोरीच असणार हे त्यांनी गृहीत धरलेलं. त्या कॉलेजातून पहिली कृष्णवर्णीय मुलगी पदवीधर झाली ती १९३१ मध्ये, दार उघडल्यावर ४६ वर्षांनी. हिंगण्याच्या आश्रमातही सुरुवातीला प्रवेश होता तो ब्राह्मण विधवांना. त्याच पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी जातीची अट न घालता मुली शिकवायला घेतल्या होत्या, त्याला तेव्हा अर्धं शतक होत आलं होतं. कर्व्यांनी १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, समता संघ काढला. उशीर झाला असं मी म्हणते. माझ्या एका जुन्या प्राध्यापिका म्हणतात, ८६ व्या वर्षी मत बदलणारा माणूस दाखव मला दुसरा. आमचं या बाबतीत कधी एकमत होत नाही आणि दोघींनाही ते व्हायला नको आहे.

न्यू जर्सीहून एक दिवस आम्ही उत्तरेला पोकीप्सीला गेलो. वासर कॉलेजचं गाव, १८६१ मध्ये खास मुलींसाठी स्थापन झालेलं, १९६९ पासून मुलगेही घेणारं. लेकीला वासर बघायचं होतं. मला तिथलं कब्रस्तान. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिथे आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या या कुटुंबानेच त्यांना अमेरिकेत घरी ठेवून घेतलं होतं. दगडावरच्या मजकुरात त्या शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेल्या पहिल्या ब्राह्मण स्त्री आहेत. लेक बराच वेळ दगडाकडे बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर हे आधी आणि मोठं लिहायला हवं होतं ना? आणि जात कशाला?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. पानं खूप पडली होती, आम्ही दगडावरची थोडी बाजूला केली.

आनंदीबाई पदवीनंतर वर्षही पुरं जगल्या नाहीत. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्री विभागावर नेमणूक झालेली होती, ती खुर्ची वाट बघत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, २१ वर्षांच्या होत्या. केई ओकामी जपानला परतली, टोकियोच्या इस्पितळात लागली, आणि सम्राटांच्या भेटीच्या वेळी बाई म्हणून डावललं गेल्यावर तिने नोकरी सोडली, असं सांगतात. पुढे घरी दवाखाना चालवला. फोटोत मात्र तिघी अशा सरळ बघत बसल्या आहेत, जणू बाहेर जाऊन फक्त कामाला लागायचं आहे.

हे माहितीपत्रकात लिहीत नाहीत. कॉलेज तयार करतं, पण बाहेरचं जग त्या वेळापत्रकाने तयार होत नाही. एमिली बॉल्च ब्रिन मॉरच्या पहिल्या तुकडीची, १८८९ ची पदवीधर. पुढे वेल्सलीत, मुलींच्याच दुसऱ्या नामांकित कॉलेजात, अर्थशास्त्र शिकवायची. पहिल्या महायुद्धात तिने युद्धाविरुद्ध काम केलं म्हणून त्याच वेल्सलीने तिची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. १९४६ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. जागतिक नेतृत्वाचं याहून मोठं प्रमाणपत्र नसेल, आणि त्यासाठी तिला आधी मुलींच्या एका कॉलेजने घराबाहेर काढलं होतं!

याउलट उदाहरणही त्याच हिरवळीवरचं. जपानची उमेको त्सुदा. सहा वर्षांची असताना, १८७१ मध्ये, सरकारने तिला इतर चार मुलींबरोबर अमेरिकेला शिकायला पाठवलं. ११ वर्षांनी परतली तेव्हा जपानी विसरली होती. पुन्हा अमेरिका, या वेळी ब्रिन मॉर, जीवशास्त्र. बेडकाच्या अंड्यांवर टी. एच. मॉर्गन यांच्यासोबत तिचा शोधनिबंध आहे. तिथेच राहून संशोधन करता आलं असतं. ती परत गेली आणि १९०० मध्ये टोकियोत १० मुलींना घेऊन शाळा काढली. २०२४ पासून जपानच्या ५,००० येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. टोकियोत १०, पुण्यात पाच. सुरुवातीचे हे आकडे बघितले की मला माझी १२० जणींची मेस फारच मोठा कारभार वाटायला लागते.

आमच्या तुकडीतून कुणी नोटेवर जाणार नाही. बाजीराव झालेली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. आमची जी.एस., म्हणजे कॉलेजची जनरल सेक्रेटरी, सगळ्यांत तेज बोलणारी, लग्नानंतर सासरी नोकरी नको म्हणाले म्हणून २५ वर्षं घरी होती. आता तिच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने आणलेला करार तिने ओळ न् ओळ वाचून काढला, कार्पेट एरियाच्या हिशेबातली मखलाशी दाखवली आणि सर्वसाधारण सभेत ठराव फेटाळून लावला. मी तिला म्हटलं, "अगं, तू कुठल्या कुठे गेली असतीस." ती म्हणाली, "कुठे? हे बघ ना, ३२ फ्लॅट आहेत." मला वाईट वाटलं आणि तिला माझं वाईट वाटणं आवडलं नाही, दोन्ही मला कळलं.

माझं विचाराल तर कंपनीतल्या पहिल्या बैठकीला मी आणि ११ पुरुष. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं असेल, मिनिट्स तुम्ही घ्या." पुढची सहा वर्षं मिनिट्स माझ्याकडेच राहिले. आधी अपमान वाटायचा. मग ध्यानात आलं की बैठकीत काय ठरलं हे शेवटी मिनिट्समध्ये असतं तेच ठरतं, आणि सही सगळे न वाचता करतात. मी खोटं कधी लिहिलं नाही. पण माझे मुद्दे त्यात कधी गळले नाहीत. वही कशी ठेवायची हे मला येत होतं.

लेक सध्या प्रवेशाचे फॉर्म भरते आहे. खर्चाचा आकडा बघून नवऱ्याने कॅल्क्युलेटर बंद केला. शिष्यवृत्ती मिळाली तर विचार, नाहीतर पुण्यात आहेतच कॉलेजं. एका फॉर्मात प्रश्न आहे : तुम्हाला महिला महाविद्यालयच का हवं? रात्री ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, आण्णाआजोबांनी अट घातली नसती, तर तू मुलींच्या कॉलेजात गेली असतीस?"

"नाही," मी म्हटलं. "फर्ग्युसनला गेले असते. तेव्हा तेच हवं होतं."

"म्हणजे जे काही तू शिकलीस ते त्यांच्या भीतीमुळे?"

मी गॅस बारीक केला. आण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. निकालाच्या दिवशी ते ड्यूटीचा खाकी शर्ट घालूनच पुण्याला आले होते आणि यादीत नाव असूनही गेटच्या बाहेर उभे राहिले होते, मी बाहेर येईपर्यंत.

"हे फॉर्ममध्ये लिहू का?" तिने विचारलं.

"लिही," मी म्हटलं. "पण त्या खाकी शर्टाचंही लिही."